अपेक्षित परिणाम आणि पोहे

आमच्या वाचनालयात 'कायम निधी' नावाचं एक जाड रजिस्टर आहे. जुन्या शाळांत, वाचनालयांत असं रजिस्टर असतंच. कुणीतरी आईच्या स्मरणार्थ शंभर रुपये ठेवलेले असतात आणि त्यांच्या व्याजातून 'संस्कृत विषयात प्रथम येणाऱ्या कन्येस' दर वर्षी बक्षीस द्यावं, अशी अट घातलेली असते. ज्या काळी शंभर रुपयांत दुभती म्हैस दाराशी येई, त्या काळची ही गोष्ट. आता वर्षाचं व्याज सहा-सात रुपये होतं. तेवढ्यात एक बॉलपेन येतं. ते रंगीत कागदात गुंडाळून, वर दात्याच्या मातोश्रींचं नाव लिहून, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते द्यावं लागतं. पेनापेक्षा कागद महाग पडतो. गावात संस्कृत घेणाऱ्या मुली दोनच उरल्या असल्या, तरी अट म्हणजे अट. माणूस गेला म्हणून त्याच्या शब्दाबाहेर कसं जायचं? हेतू बदलायचा तर रीतसर अर्ज, वकील, कोर्ट. सात रुपयांसाठी कोर्टात कोण जातं!

ही पंचाईत फक्त आपलीच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे एक वकील होते. पुढे ते तिथल्या एका मोठ्या ट्रस्ट कंपनीचे अध्यक्ष झाले. गेलेल्या माणसांच्या इच्छा सांभाळणं हा त्या कंपनीचा धंदाच. तेव्हा आमच्या रजिस्टरातलं दुखणं त्यांनी पुष्कळ मोठ्या आकड्यांत पाहिलं असणार. त्या काळी अशा अडलेल्या दानाचा एक मासला सगळ्यांच्या तोंडी असे. सेंट लुईसचे एके काळचे महापौर ब्रायन मलनफी १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले गरीब प्रवासी आपल्या शहरात अडकले तर त्यांच्या सोयीसाठी, म्हणून त्यांनी इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे आगगाडी आली. गाड्या जुंपून निघणारे तांडे हळूहळू दिसेनासे झाले. पैसे मात्र तांड्यांची वाट पाहत बँकेत बसून राहिले, आणि व्याजाने वाढतही राहिले.

गॉफ यांनी १९१४ च्या जानेवारीत यावर तोडगा काढला. गावातल्या लहानमोठ्या सगळ्या दात्यांचे पैसे एकाच निधीत यावेत, गुंतवणूक बँकेने सांभाळावी आणि त्या वर्षी गावाला कशाची गरज आहे हे गावातल्याच जाणत्या माणसांच्या समितीने ठरवावं. एखादा हेतू कालबाह्य झाला, तर समितीने तो बदलावा; कोर्टाची पायरी नको. क्लीव्हलंड फाउंडेशन ही अशा प्रकारची पहिली संस्था मानतात. सुरुवातीला तिच्याकडे वाटायला फारसे पैसेच नव्हते, म्हणून तिने गावाच्या पाहण्या करायला घेतल्या. गरिबांना मदत कशी मिळते, शाळा कशा चालतात वगैरे. पैसे नसले की पाहणी करायची, ही रीत आपल्याला काही परकी नाही.

आपल्याकडेही माणसं एकत्र येऊन निधी जमवायला कधी कमी पडलेली नाहीत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत 'पैसा फंड' उभा केला आणि त्या सुट्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आजच्या भाषेत अंताजींचा अर्ज कसा दिसला असता याचा मी कधी कधी विचार करतो. लाभार्थी : समस्त देश. मागणी : एक पैसा. कालावधी : मिळेपर्यंत. कोणत्याही छाननी समितीने हा अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला काढला असता.

मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला तो गॉफ यांच्याच घराण्यातला : पैसा मुंबईकरांचा, काम मुंबईतलं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, ते गाव सोडून गेलेल्यांनी गावाकडच्या कामासाठी. पण तिकडचा पैसा थेट घ्यायचा तर विदेशी देणगीचा कायदा मध्ये उभा राहतो. सरकारी नोंदणी किंवा परवानगी हवी. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी आधी नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यातच यायला हवी. म्हणजे पैसे ज्याने पाठवले तो न्यू जर्सीत, खर्च व्हायचे ते सावंतवाडीत आणि मुक्काम मात्र दिल्लीत. आणि नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने त्यातले थोडे आपल्यासारख्या धाकट्या संस्थेकडे सरकवायचे म्हटलं, तर तेही त्याच दुरुस्तीने बंद केलं. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्या नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करतात खऱ्या, पण त्या खात्याचा साहेब मुंबईत अठराव्या मजल्यावर बसतो. आमचा तालुका त्याला नकाशात मोठा करून दाखवावा लागतो.

म्हणून आमच्या जिल्ह्यात काही डॉक्टर, दोन-चार कारखानदार आणि बाहेरगावी गेलेले शाळेचे माजी विद्यार्थी यांनी मिळून असा निधी काढला, तेव्हा आम्हा लहान संस्थांना घरचं कार्य निघाल्यासारखं झालं. कार्यकारी मंडळाची तातडीची सभा झाली. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच पाच माणसांची पुन्हा भरली, कारण तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता नसते. निधीकडे अर्ज करावा, असा ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात लॅपटॉप माझ्याकडेच आहे. सार्वजनिक कामात माणसाची योग्यता पुष्कळदा अशीच ठरते.

अध्यक्षांनी मसुदा सांगायला घेतला, "सन एकोणीसशे अठ्ठावीस, विजयादशमीचा शुभमुहूर्त..."

"भाऊ, संस्थेच्या माहितीसाठी त्यांनी दोनशे शब्द दिलेत."

"दोनशे? अहो, दोनशे शब्दांत संस्थापकांचं शिक्षणसुद्धा पुरं व्हायचं नाही!"

लहान संस्थांचे अर्ज मी नंतर पुष्कळ पाहिले. हौसेने लिहिलेले, सुबक अक्षरातले, काही तर चक्क बाँडपेपरवर. बहुतेकांत मागणी कितीची आहे हे चौथ्या पानावर कळतं. आधी संस्थापक, मग इमारत, मग येऊन गेलेले थोर पाहुणे आणि त्यांचे अभिप्राय. उसने मागायला आलेला पाहुणा जसा पाऊसपाणी, मुलांचे निकाल, गुडघेदुखी सगळं विचारून घेतो आणि चप्पल पायात सरकवताना हळूच म्हणतो, "एक काम होतं," तसे हे अर्ज. आपल्याकडे पैसे मागायची लाज फार. गणपतीची वर्गणी मागताना ती वाटत नाही, कारण तिथे मागणारा बाप्पा असतो. वाचनालयासाठी मागायचं तर आपलंच तोंड पुढे करावं लागतं.

पण निधीतल्या माणसांना लाज नको असते, पहिल्या परिच्छेदात उत्तर हवं असतं. किती रुपये, कशासाठी, कुणासाठी आणि केव्हापर्यंत. ते आलं की बाकीचं ते निवांत वाचतात, विजयादशमीसकट. त्याहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे अर्ज लिहायच्या आधीच फोन करणं. हे आपल्या मनाला पटत नाही. फोन करणं म्हणजे वशिला लावणं, असं आपल्याला वाटतं. वास्तविक असा निधी चालवणाऱ्या माणसाला भलत्या अर्जांचा इतका वैताग असतो, की आधी विचारणारा त्याला सज्जन वाटतो. निधीच्या पेटीतला पुष्कळ पैसा दात्यांनी आधीच नावं घालून ठेवलेला असतो. हा आरोग्यासाठी, हा अमुक गावासाठी, हा मुलींच्या शिक्षणासाठी, आणि काही तर दाता दर वर्षी स्वतः सुचवेल त्या संस्थेसाठी. गॉफ यांनी मोकळी करून दिलेली वाट दाते पुन्हा अटी घालून अरुंद करतात, तो भाग वेगळा. समितीच्या हाती खरोखर मोकळा उरतो तो त्यातला एक भाग. तो कुठे जाऊ शकतो हे एका फोनवर कळतं. वाचनालयाने नवीन कपाटं मागितली तर नाही, पण त्याच वाचनालयाने संध्याकाळी मुलींसाठी अभ्यासिका चालवली तर हो, हे आम्हाला असंच कळलं. अभ्यासिका आम्हाला हवीच होती. ती सुचायला मात्र त्यांना केलेला फोन लागला.

मग कागद. न्यासाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकराचं १२ए आणि ८०जी. पूर्वी ही आयकराची प्रमाणपत्रं एकदा मिळाली की जन्मभर पुरत. २०२१ पासून ती मुदतीची झाली. म्हणजे आता संस्थेलाही आपण जिवंत असल्याचा दाखला अधूनमधून द्यावा लागतो. याशिवाय हवी विश्वस्तांची यादी, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली अनुसूची. इथे बहुतेक संस्थांची गाडी रुतते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. पण विश्वस्त बदलतो तो प्रायः देवाघरी जाऊन, आणि त्या वेळी सगळे शोकसभेच्या तयारीत असतात. शोकप्रस्ताव इतिवृत्तात जातो, बदल अर्ज राहून जातो. अशा रीतीने आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या सात विश्वस्तांपैकी चार कागदोपत्री आजही कार्यरत आहेत आणि प्रत्यक्षात स्वर्गस्थ. निधीने जेव्हा सर्व विश्वस्तांचे फोटो आणि आधार कार्डं मागितली, तेव्हा त्या संस्थेच्या चिटणिसांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींचे फोटो काढून पाठवले. हार मोठे असल्यामुळे दोघांचे चेहरे ओळखू येत नव्हते.

अंदाजपत्रकाचं प्रकरण आणखी नाजूक. जुन्या संस्थेत शिरलं की दाते दिसतात. पंख्याच्या पात्यावर एक, कपाटावर एक, बाकाच्या पाठीवर एक. पाण्याच्या टाकीवर तर अख्खं कुटुंब असतं. पण त्या पंख्याचं वीजबिल कुणाच्या स्मरणार्थ भरलेलं मी आजवर पाहिलं नाही. ग्रंथपालांचा पगार, झाडूवालीचं मानधन, सनदी लेखापालांची फी, यांच्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून ते द्यायला कुणी पुढे येत नाही. संस्थाही हुशार झाल्या आहेत. त्या हा खर्च 'इतर' नावाच्या रकान्यात दडपतात. हे मला पटत नाही. अभ्यासिका संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायची तर कुणीतरी साडेपाचला कुलूप काढायला हवं आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. यात लपवायचं काय? आम्ही तो खर्च सरळ वरच्या ओळीत लिहिला. कुलूप काढणाऱ्याचं मानधन, आणि पुढे रक्कम. कोषाध्यक्षांना धाकधूक होती. समितीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट खालच्या एका ओळीत 'किरकोळ' लिहिलं होतं, त्याचा मात्र खुलासा मागवला.

त्या समितीवर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना मी एकदा विचारलं, "सर, अर्जात तुम्ही आधी काय बघता?"

"बेरीज," सर म्हणाले.

"आणि मग?"

"मग पुन्हा बेरीज. बेरीज बरोबर आली म्हणजे माणूस प्रामाणिक असं नाही. पण जिथे चुकलेली आहे तिथे मी दुसऱ्याचे पैसे मोजायला देणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि फोटो बघत नाही. फोटोत सगळीच मुलं वाचत असतात."

फोटोवर विश्वास नसल्यामुळे सर स्वतः पाहायला येतात. आमच्याकडे आले तेव्हा बरोबर निधीच्या एक तरुण बाई होत्या. भेट चारची होती. आमच्याकडे दोनपासून धांदल. सतरंज्या झटकल्या, फळा धुतला, शाल-नारळ आणून ठेवले. अध्यक्षांच्या घरून पोह्यांचं मोठं पातेलं आलं आणि त्याच्या वासाने की कशाने, आळीतली यच्चयावत मुलं वाचनालयात जमली. मुलं पुस्तकं उघडून इतकी एकाग्र बसली, की एकाने पुस्तक उलटं धरलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी एका लहानग्याला जवळ घेऊन विचारलं, "काय रे, रोज इतकी मुलं येतात का इथे?"

"नाही," तो म्हणाला. "आज पोहे आहेत."

अध्यक्षांच्या हातातला नारळ तसाच राहिला. बाई हसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते काय असेल याची आम्ही नंतर आठवडाभर चर्चा केली. कोपऱ्यात एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते, ते आमच्या यादीतच नव्हते. पत्नी गेल्यापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ येतात. सगळी वर्तमानपत्रं वाचून होतात, मग शेजारच्या मुलाचं गणित तपासतात. बाई त्यांच्याशीच सगळ्यात जास्त वेळ बोलल्या. निघताना सरांनी शाल परत केली आणि पोहे मात्र दोनदा घेतले.

'अपेक्षित परिणाम' या रकान्यात मी 'दरमहा चाळीस मुली' असं लिहिलं होतं. बाईंचा त्यावर फोन आला. "चाळीस मुली आल्या हे झालं उपस्थितीचं. त्या आल्यामुळे वर्षाअखेर वेगळं काय दिसेल?" प्रश्न साधा आहे, पण एखाद्या संस्थेला तो शंभर वर्षांत कुणी विचारलेला नसतो. आम्ही कार्यक्रम करतो, अहवाल छापतो, 'कार्यक्रमास रसिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असं लिहितो. उत्स्फूर्त नसलेला प्रतिसाद मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही. आता उत्तर द्यायचं म्हणून ग्रंथपालबाईंनी मुलींनाच विचारलं. एक म्हणाली, घरी टीव्ही चालू असतो. दुसरीच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. तिसरी म्हणाली, नववीनंतर शाळा सोडायला सांगतील, पण अभ्यासिकेत नाव असेल तर बाबा जरा थांबतील. मग आम्ही लिहिलं : यंदा नववीतल्या ज्या मुली येतील, त्यांतल्या किती पुढच्या जूनमध्ये दहावीत बसल्या ते कळवू. अंदाज म्हणून घातलेला आकडा लहान होता. चाळिसांपुढे तर फारच लहान. अध्यक्षांना तो कमीपणाचा वाटला. मला तो अख्ख्या अर्जातला एकमेव धीट आकडा वाटला.

अर्ज मंजूर झाला. मागितले त्याहून थोडे कमी मिळाले. कमीच मिळतात, कारण सगळे जण थोडं वाढवून मागतात आणि ते समितीलाही माहीत असतं. या रिवाजात दोन्ही बाजूंचा मान राहतो. शेजारच्या गावच्या व्यायामशाळेला नकार आला. त्यांच्या तरुण कार्यकर्त्यांना तो अपमान वाटला आणि त्यांनी निधीवर मोर्चा न्यायचं जवळजवळ ठरवलंही होतं. सुदैवाने त्यांच्यातल्या एकाने मोर्च्याच्या आधी फोन केला. कळलं ते असं : अर्जात डंबेल्सचे बारा जोड होते, भिंतीला आरसा होता, बाहेर फलक होता, पण शिकवणारा कुठेच नव्हता. पुढच्या फेरीत त्यांनी आरसा काढला आणि उस्ताद घातला. मिळाले. कारण विचारलं तर सांगतात, आणि पुन्हा अर्ज केला तर राग धरत नाहीत. गावातच राहायचं असल्यामुळे तोंडं पुन्हा दिसणार असतात, हा अशा निधीचा मोठा गुण. दिल्लीच्या किंवा अठराव्या मजल्याच्या साहेबाला बाजारात गाठता येत नाही.

वर्ष संपलं. उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापालांची सही, पावत्यांच्या झेरॉक्स, सगळं एका फायलीत लावलं. नववीतल्या मुलींचा आकडा आम्ही म्हटला होता तेवढा आला नाही. एकीचं लग्न ठरलं, एक कुटुंब ऊसतोडीला गेलं. आला तेवढा लिहिला आणि का कमी आला तेही लिहिलं. हिशेब जुळवताना असं दिसलं, की कुलूप काढणारा दिवाळीनंतर दोन महिने आजारी होता, त्याच्या जागी ग्रंथपालबाईंच्या मुलाने बिनपैशाने काम केलं, आणि त्या मानधनाचे पैसे शिल्लक राहिले. कोषाध्यक्षांनी सुचवलं की त्यात सतरंजी घेऊन टाकू. अध्यक्ष म्हणाले, "ज्यासाठी दिले त्यासाठी लागले नाहीत, तर परत करायचे." तेवढं बोलून त्यांनी चेकवर सही केली.

चार दिवसांनी निधीच्या कचेरीतून फोन आला. आवाजात गोंधळ होता.

"तुमचा चेक मिळाला. पण हा कशाचा?"

"शिल्लक होती, परत केली."

"परत?" पलीकडे कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला. मग फोनवरच्या बाई म्हणाल्या, "असं कधी आलं नव्हतं हो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खातंच नाही. तुम्ही असं करा, एक साधा अर्ज पाठवा. रक्कम परत करण्याचा उद्देश आणि अपेक्षित परिणाम, दोनशे शब्दांत."